भटूच्या घरची बडगी

मित्रांनो, मी मार खाऊन मोठी झालेली एक जुनी बडगी आहे. तुमच्यात जळगाव-धुळ्याकडची मुलं असतील त्यांना मी कोण हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या खानदेशात वांग्याचं भरीत नुसतं हातानं कालवत नाहीत, आणि मिक्सरमध्ये तर मुळीच घालत नाहीत. वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजायची, सोलायची, हिरव्या मिरच्यांबरोबर लाकडाच्या खोल भांड्यात टाकायची आणि लाकडाच्याच मुसळीनं ठेचायची. ते खोल भांडं म्हणजे मी. बाकीच्या भांड्यांना मारलं तर पोचे येतात. मला मारलं नाही तर माझं बिनसतं.

मी ज्या बाभळीची झाले ती अभिमन पाटलांच्या शेताच्या बांधावर उभी होती. एरंडोलपासून जवळच, अंजनी नदीच्या काठी त्यांचं गाव. लग्न होऊन सुनंदाबाई त्या घरात आली त्या वर्षी ती बाभूळ वादळात आडवी झाली. रतिलाल मिस्तरीनं आठ दिवस तासून तिच्या बुंध्यातून मला काढलं. मला नव्या नवरीच्या हातात देताना तो म्हणाला, "वहिनी, हिले पानी कमी, तेल जास्त. आनि वापरमा ऱ्हाऊ द्या." सुनंदाबाईनं मला उचलून पाहिलं आणि जड आहे म्हणून नाक मुरडलं. पुढे तिचं आणि माझं चांगलं जमलं. ती तापट होती, आणि राग आला की वांगी जास्त बारीक होत.

तीन वर्षांनी भटू झाला. एकुलता एक. तो रांगायला लागला तेव्हा मी उन्हात पालथी पडलेली असायचे आणि तो माझ्या पाठीवर थापा मारत बसायचा. तेव्हापासून त्याच्या हाताला माझी सवय. आठवीत गेला तसा त्यानं मला घराबाहेर काढलं.

आमच्याकडे चातुर्मासात वांगं खात नाहीत. चंपाषष्ठी झाली की वांग्यांची सुटका होते आणि मग हिवाळाभर शेताशेतांत भरीत पार्ट्या झडतात. भटूच्या वर्गातले तिघे त्या दिवशी दुपारीच दारात हजर व्हायचे. ललित, वना आणि पारस. बडगी भटूच्याच घरची, पण मागायला चौघे ओळीनं उभे राहायचे. हा त्यांचा नेम होता.

"अक्का, बडगी शे का?"

"शे. पन तुमले देवानी नही," सुनंदाबाई आतून म्हणायची, म्हणजे आहे, पण तुम्हाला द्यायची नाही. मग चौघे हसायचे, ती पदराला हात पुसत बाहेर यायची आणि मला वनाच्या डोक्यावर द्यायची. वर सांगायची, "फुटनी ते चौघेसनी डोकी फोडसू." मी बाभळीची, फुटणार कशानं? पण धमकीशिवाय तिला काही देताच यायचं नाही.

शेतात प्रत्येकाचं काम ठरलेलं. वांगी भाजायची ती वनानं. फिकट हिरवी, मोठाली, भरताची वांगी तो जाळावर अशी फिरवायचा की एकही कच्चं राहायचं नाही. मिरच्या ललितकडे. ठेचणं भटूकडे. तो उभा राहून ठेचायचा, एका लयीत, आणि मधेच थांबून ललितला म्हणायचा, "मिरची टाक, आखो टाक, घाबरू नको." पारस होता किराणा दुकानवाल्या चंपालाल शेठचा मुलगा. राजस्थानातून आलेलं जैन घर, त्यामुळे वांगं, कांदा, लसूण काही चालायचं नाही. तरी दुकानातून शेंगदाण्याचं तेल तोच आणायचा, आणि भटू दमला की मुसळी हातात घ्यायचा. सगळे त्याला चिडवायचे, "मुसळीले कसानं पाप रे, पारस!" स्वतः मात्र तो कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर गूळ खायचा आणि दुसऱ्यांचे घामेजलेले चेहरे बघत बसायचा.

मित्रांनो, पोरं घरात वेगळी असतात आणि शेतात वेगळी. घरातला भटू मला माहीत होता: कमी बोलणारा, आईच्या हाकेला धावणारा, बापासमोर खाली बघणारा. शेतातल्या भटूला तोंड मिटायची सवयच नव्हती. माझं भाग्य असं की मी दोन्ही भटू पाहिले. सुनंदाबाईला फक्त घरातला मिळाला. सगळ्याच आयांचं असं होतं, आणि त्याचं कोणाला वाईटही वाटत नाही, कारण पोरगा रोज संध्याकाळी घरी येतच असतो.

दहावी झाली. पारस दुकानात बसला. बाकीच्या तिघांनी सैन्याचं वेड घेतलं. पहाटे उठून धरणगावच्या रस्त्यानं पळायचे. शहाण्णवच्या डिसेंबरात धुळ्याला भरती होती. पहिल्या एसटीनं तिघे गेले आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आले. वना आणि भटू निवडले गेले होते. ललितची छाती बोटभर कमी भरली होती. दुसऱ्या दिवशी शेतात भरीत झालं. ललितनं त्या दिवशी इतक्या मिरच्या ठेचायला दिल्या की सगळ्यांचे डोळे वाहू लागले आणि त्याचे कोणाला वेगळे दिसले नाहीत. मला दिसले. भटू त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आरे, तू गावले ऱ्हाय. नही ते आम्हनी बडगी कोन सांभाळी?"

त्यानंतर ते दोघे एकत्र सुट्टीवर आले ते नव्व्याण्णवच्या जानेवारीत. तेव्हा शेवटचं भरीत झालं. ते शेवटचं आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सांगण्यासारखं त्यात काही घडलं नाही. वांगी चांगली होती. मीठ थोडं जास्त झालं होतं.

त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली. मी माळ्यावर होते. माळ्यावरच्या भांड्याला फटीतून दिसेल तेवढंच दिसतं, ऐकू मात्र सगळं येतं. जूनमध्ये वनाच्या घराकडून आक्रोश ऐकू आला आणि सुनंदाबाई जळती चूल तशीच टाकून धावली. जुलैत आमच्या अंगणात गाड्या थांबल्या. बूट वाजले, घोषणा झाल्या, सगळं गाव दारात उभं राहिलं. सुनंदाबाई रडल्याचं मी ऐकलं नाही. ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती, "च्या लिन्हा का?" चहा घेतला का, तीन दिवस ती हेच विचारत होती. चौथ्या दिवशी घर रिकामं झालं. ती स्वयंपाकघरात आली, दार लावून घेतलं, आणि मग ती जी रडली ते मला सांगवत नाही. मित्रांनो, मी लाकडाची आहे, पण त्या दिवशी मला लाकूड असूनही सहन झालं नाही.

वनाच्या आईवडिलांना त्याचा मोठा भाऊ सुरतेला घेऊन गेला. ते घर बंदच झालं. गावात उरली सुनंदाबाई.

हिवाळा आला. चंपाषष्ठीच्या सकाळी तिनं मला माळ्यावरून काढलं, पुसलं, तेल चोपडलं आणि ओट्यावर ठेवलं. परसातली वांगी तोडून टोपलीत भरली. मग तूर निवडायला घेऊन ती माझ्याजवळ बसली. अभिमन पाटलांनी विचारलं, "हाई काय?" ती म्हणाली, "पोरे येतीन."

कोणी आलं नाही. दिवेलागणीला तिनं मला परत माळ्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली काढलं. असं ती थंडी सरेपर्यंत करत राहिली. शेजारणी मला मागायला आल्या तर तिनं दिलं नाही. "पोरेसनी शे," म्हणायची. म्हणजे पोरांची आहे. वांगी टोपलीत सुकली. स्वतःसाठी तिनं भरीत केलं नाही.

पोरं का आली नाहीत हे मलाही तेव्हा कळत नव्हतं. मला त्यांचा राग आला. खोटं कशाला सांगू, चांगलाच राग आला. वाटलं, ज्याच्या घरचं खाल्लं तो गेला तर घरही विसरले. ललित धुळ्याला सरकारी कचेरीत लागला. पारसनं जळगावात मोठं दुकान टाकलं. दोघांची लग्नं झाली, मुलं झाली. हे सगळं मला सुनंदाबाईची जाऊ लताबाई येऊन सांगायची तेव्हा कळायचं.

गाव मात्र भटूला विसरलं नाही. चौकात भटू आणि वनाचे अर्धपुतळे बसले. दर पंधरा ऑगस्टला सुनंदाबाईला खुर्चीवर बसवत, शाल-श्रीफळ देत, वीरमाता म्हणत. पहिल्या वर्षी ती परत आली आणि शाल खुंटीला टांगून नवऱ्याला म्हणाली, "पुतळाना मिशा देख्यात का? मना भटूले मिसुर्डं बी धड फुटेल नव्हतं."

"करनाराले भटू कोठे माहीत व्हता?" अभिमन पाटील म्हणाले. त्या घरात भटूविषयी बाप बोलला ते एवढंच. पुढे ते गेले, त्याला आता दहा वर्षं झाली.

त्या पंधरा ऑगस्टांना ललित आणि पारस यायचे. सुनंदाबाई घरी येऊन कधी लताबाईला, कधी भिंतीला सांगायची, "ललित उन्हता. पाय पडना नि गर्दीमा घुसी गया." म्हणजे आला, पाया पडला आणि गर्दीत नाहीसा झाला. चौकापासून आमचं घर शंभर पावलांवर. ती शंभर पावलं कोणी चाललं नाही. लोकांसमोर ती तरी काय विचारणार?

पुढे पुढे ती मला हिवाळ्यात एकच दिवस खाली काढू लागली. चंपाषष्ठीला. तेल न चुकता लावायची, पण नुसत्या तेलानं लाकूड जगत नाही. तेराव्या की चौदाव्या हिवाळ्यात मला तडा गेला. काठापासून बुडापर्यंत. ओट्यावर सुनंदाबाईनं बोट फिरवून तो पाहिला. त्या दिवशी लताबाई शेजारी बसली होती. सुनंदाबाई तिला म्हणाली, "लता, मनाजोडे जितला भटू व्हता तितला सरी गया."

लताबाईला कळलं नाही. मला कळलं. भटूचं लहानपण, त्याचं आजारपण, त्याच्या आवडीचं खाणं, त्याचं भांडण, जे जे तिच्यापाशी होतं ते तिनं इतक्या वेळा आठवलं होतं की आता त्यात तिला भटू सापडत नव्हता. तीच ती वीस-पंचवीस चित्रं. तिला नवा भटू हवा होता, एखादी न ऐकलेली गोष्ट, आणि ती तिच्या घरात कुठेच नव्हती. ती होती त्या पोरांकडे. थोडी माझ्याकडेही होती. पण देवानं मला एवढं मोठं तोंड देऊन जीभ दिली नाही.

असे सव्वीस हिवाळे गेले.

यंदा त्या दहावीच्या वर्गाचा मोबाईलवर गट झाला आणि जळगावला स्नेहमेळावा ठरला. भरीत करायचं की नाही यावर म्हणे बरंच चाललं. कोणी म्हणालं आचारी सांगू, कोणी म्हणालं भरीत नकोच. हे मला कळलं हेमांगीकडून. हेमांगी त्यांच्याच वर्गातली, शिंदखेड्याला शाळेत बाई आहे. पूर्वी मुली शेतातल्या पार्टीला नसायच्या, त्यामुळे पोरांनी आपसांत काय ठरवलं होतं ते तिला ठाऊकच नव्हतं. माहेरी आली होती, ती मेळाव्यासाठी मला मागायला सरळ आमच्या ओट्याशी येऊन उभी राहिली.

"अक्का, बडगी शे का?"

सुनंदाबाई सत्तरीची. कमरेत वाकलेली. तिनं आधी हेमांगीकडे पाहिलं, मग तिच्या मागे रस्त्यावर पाहिलं, मागे अजून कोणी आहे का म्हणून. मग ती ओट्यावरच बसली.

"सव्वीस वरीस लागनात तुमले?" ती म्हणाली. "सव्वीस वरीस?"

हेमांगी घाबरली. तिनं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि हळूहळू सगळं काढून घेतलं. मग तिथूनच तिनं धुळ्याला फोन लावला. शाळेतल्या बाईचा आवाज तो, माळ्यापर्यंत स्पष्ट ऐकू आला. "ललित, उद्या सकाळी गावाला यायचं. कारण विचारायचं नाही. पारसला घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी दोघे आले. ललितचं डोकं पांढरं झालं होतं, पारसचं पोट सुटलं होतं. दाराच्या आत यायला त्यांना इतका वेळ लागला की सुनंदाबाईच बाहेर गेली.

"अक्का," ललित म्हणाला. त्यानं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं एक पत्र काढलं. "भटूनी चिठ्ठी. तो गया त्याना पाच दिवस मागून चंपालाल काकाना दुकानवर उनी. तुले दावाले मना करेल व्हतं त्यानी."

सुनंदाबाईनं पत्र हातात घेतलं. अक्षरावरून बोट फिरवलं. सव्वीस वर्षांत तिला भटूची एकही नवी गोष्ट मिळाली नव्हती, आणि ही तिच्या पोराच्या हाताची होती. तिच्या डोळ्यांना आता अक्षर लागत नाही. तिनं ते हेमांगीला दिलं. हेमांगीनं वाचलं, आणि मी माळ्यावरून ऐकलं. एका वाचण्यात ते मला पाठ झालं.

"प्रिय ललित, पारस आणि मंडळी. वना गेल्याचं तुम्हाला कळलं असेल. माझ्या शेजारीच होता. त्याच्याबद्दल लिहवत नाही. मला हिवाळ्यात सुट्टी मिळेल असं वाटतं. मी येईपर्यंत कोणी भरीत करायचं नाही. बडगी माळ्यावरून काढायची नाही. वनाच्या वाटची वांगी मी भाजणार. मायला हे पत्र दाखवू नका, ती जेवणार नाही. पण घरी जात राहा. तिच्याजवळ बसत जा. मी नसलो की तिला बोलायला कोणी नसतं, आबा काही बोलत नाहीत. तुमचा भटू."

मग पारस रडू लागला. तो म्हणाला की पत्र आलं त्या दिवशी त्यांनी शपथ घेतली होती, भटू आला नाही म्हणजे भरीत नाही. सव्वीस वर्षं वर्गातल्या एकाही पोरानं भरताला हात लावला नव्हता. लग्नांच्या पंगतीतही नाही. मित्रासाठी एवढं तरी पाळलं, याचा त्यांना अभिमान होता.

"भरीतनी गोष्ट पाळी तुम्ही," सुनंदाबाई म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "आनि घर जात ऱ्हाय म्हने ते? ते वाचं नही का?"

"वाचेल शे, अक्का," ललित म्हणाला. "बठ्ठी चिठ्ठी पाठ शे माले. पहिली गोष्ट सोपी व्हती. दुसरी माले जमनी नही."

"काब्र?" तिनं कारण विचारलं.

"आम्ही तिघे गयथूत धुळाले. मी परत उनू. ते दोन्ही गयात. तुनासामने कसा बसू मी?"

सुनंदाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता म्हणेल, असं नको बोलू रे बाळा, माझ्या मनात कधी तसं आलं नाही. पण ती खोटं बोलणारी बाई नव्हती.

"पहिला वरीस तुले दुरथीन देखू, तं मनमा तेच ये," ती म्हणाली. "हाऊ परत उना, मना काब्र नही उना. पन एक वरीस, ललित. एकच वरीस. मंग पंचवीस वरीस मी तुनी वाट देखी."

ललितनं तिच्या पायावर डोकं ठेवलं. गर्दीत ठेवायचा तसं नाही. पन्नाशीला आलेला माणूस लहान मुलासारखा ओरडून रडला. तिनं त्याच्या पांढऱ्या केसांवर हात ठेवला, पण तो हात थोपटत नव्हता, नुसता ठेवलेला होता. मग ती म्हणाली, "बडगी काढा खाले. मी सांगस. मी त्यानी माय शे."

परसात पऱ्हाट्यांचा जाळ केला. वांगी ललितनं भाजली. दोन कच्ची राहिली. ठेचायला पारस बसला. सव्वीस वर्षांनी माझ्या अंगावर मुसळी पडली. तड्यातून रस गळत होता म्हणून हेमांगीनं खाली ताट ठेवलं. मित्रांनो, मार खाताना मी इतकी कधी रडले नव्हते. माझं रडणं कोणाला दिसत नाही, त्या दिवशी मात्र ताटात साठलं.

जेवायच्या आधी सुनंदाबाई म्हणाली, "आते मना भटू माले द्या. शेतमा काय बोले तो? काय करे? मी कधी देखं नही."

पारसनं ललितकडे पाहिलं. "तुनी नक्कल करे तो, अक्का," ललित म्हणाला. "भाकरी थापता थापता उठीसन तू हाक मारे, तशीच. पदर खोचीसन, कमरवर हात ठेईसन." तो उभा राहिला. कमरेवर हात ठेवला आणि भटू काढायचा तोच आवाज त्यानं काढला. "भटूऽऽ! ये भटूऽऽ!" आणि तिथे थांबला. पुढचं त्याला म्हणवेना.

सुनंदाबाई हसत होती. डोळ्यांना पदर लावून हसत होती. "आरे थांबना काब्र? पुढे बोल ना. 'मरना का कोठे?' आसंच वरडू मी. रोज वरडू."

तोंडून 'मेलास का कुठे' गेलं तशी तीही थांबली. जाळावर वांग्याचं साल चुरचुरत होतं तेवढंच ऐकू येत होतं.

"बोल, आखो बोल," ती थोड्या वेळानं म्हणाली. आणखी हवं होतं तिला. पारसनं सांगितलं की पहाटे पळायला जाताना भटू कुत्र्यांना भ्यायचा आणि वनाला पुढे घालायचा. ललितनं सांगितलं की धुळ्याच्या भरतीत नाव पुकारलं तेव्हा भटूनं "हजर, बाई" म्हटलं होतं, शाळेतल्यासारखं, आणि सगळं मैदान हसलं होतं. प्रत्येक गोष्ट ती दोन-दोनदा सांगायला लावत होती. तेव्हा शर्ट कोणता होता? मग तो काय म्हणाला? हसला का?

अर्ध्या तासात गोष्टी संपल्या.

दोघे आठवत राहिले. हे वना म्हणाला होता की भटू? हे आठवीत की नववीत? ललित म्हणायचा असं, पारस म्हणायचा तसं. मला सगळं आठवत होतं. शेतातला एकूण एक हिवाळा माझ्या अंगात मुरलेला होता. त्या दोघांकडूनच तो निघून गेला होता, न वापरता, कोणाला न सांगता. सव्वीस वर्षं ज्याच्यासाठी भरीत सोडलं तोच त्यांना आता पुरता आठवत नव्हता. आणि हे त्यांना तिच्यासमोर बसून कळत होतं.

"आखो?" सुनंदाबाई म्हणाली. ताटातलं भरीत निवून गेलं होतं.

पारसनं घाम पुसला. मग तो सांगू लागला की एकदा अंजनीला पूर आला होता, कोणाची तरी बकरी वाहून चालली होती, आणि भटूनं मागचा पुढचा विचार न करता पाण्यात उडी घेतली. पोहत पोहत त्यानं ती बकरी काठाला आणली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भटूला पोहता येत नव्हतं. गुडघाभर पाण्यातसुद्धा तो आईचा पदर सोडायचा नाही, हे सुनंदाबाईपेक्षा कोणाला जास्त माहीत असणार? ललितनं मान खाली घातली. तिच्यासाठी पारस खोटा भटू घडवत होता, चौकातल्या पुतळ्यासारखाच, मिशांचा. मला वाटलं ती आता उठेल.

ती उठली नाही. ती थोडी पुढे सरकली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि पारसच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "हां. मंग?"

मित्रांनो, मी लाकडाची, मला शिकवण्याचा अधिकार नाही. पण तुमचा एखादा सोबती गेला असेल, लढाईत किंवा कशानंही, तर त्याच्या नावानं काही सोडू नका, काही पाळू नका. आधी त्याच्या घरी जा. हार नको, भाषण नको. तो कशाला भ्यायचा, कोणाची नक्कल करायचा, कोणत्या शर्टात बरा दिसायचा, एवढं घेऊन जा आणि बसा. पुन्हा जा आणि पुन्हा बसा. तुमच्याजवळ खरं शिल्लक आहे तोवर जा. उशीर केलात तर तुम्हाला खोटं सांगावं लागेल, आणि ती आई तेही ऐकून घेईल.